एसीसी २०२५ : शार्लटआधीचं मानांकन – कोणाला दोन दिवस सुट्टी, कोणाला दारच बंद

लांडगा_०७ · रविवार, ९ मार्च २०२५, दुपारी ४.१०

रात्री घड्याळं एक तास पुढे सरकली आणि पहाटे पाचला क्रिकेटच्या चॅम्पियन्स करंडकाचा दुबईतला अंतिम सामना सुरू झाला. म्हणजे झोप नाहीच. रोहितचे ७६ आणि हातात आलेला करंडक बघून निम्मा शीण गेला, उरलेला निम्मा इथे उतरवतोय.

एसीसीचे, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या अमेरिकी कॉलेज संघांच्या गटाचे, बास्केटबॉलचे साखळी सामने काल संपले. मंगळवार ११ ते शनिवार १५ मार्च, शार्लटच्या स्पेक्ट्रम सेंटरमध्ये बाद फेऱ्या. कॉन्फरन्समध्ये संघ १८, प्रवेश फक्त १५ जणांना. बाहेर राहिलेले तीन: मायामी (३-१७, म्हणजे ३ विजय, १७ पराभव), बॉस्टन कॉलेज (४-१६) आणि ५-१५ वर संपलेलं आमचं नॉर्थ कॅरोलायना स्टेट. हो, तेच. गतविजेते. मागच्या मार्चमध्ये वॉशिंग्टनला पाच दिवसांत पाच सामने जिंकून करंडक उचलला, तिथून उसळी मारून फायनल फोर (राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी) गाठलं, आणि यंदा मांडवाच्या दारात उभं राहायचीही सोय नाही. एक सामना जास्त जिंकलो असतो तर १५व्या कॅलशी (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) बरोबरी होती.

आता चित्र असं:

१ ड्यूक (१९-१), २ लुईव्हिल (१८-२), ३ क्लेमसन (१८-२), ४ वेक फॉरेस्ट (१३-७). हे चौघे थेट गुरुवारी, उपांत्यपूर्व फेरीत. यालाच डबल बाय म्हणतात.
५ नॉर्थ कॅरोलायना (आमच्या स्टेटहून वेगळं, नुसतं 'कॅरोलायना' म्हणतात ते हेच), ६ एसएमयू म्हणजे सदर्न मेथडिस्ट (दोघेही १३-७), ७ स्टॅनफर्ड (११-९), ८ जॉर्जिया टेक (१०-१०), ९ व्हर्जिनिया (८-१२). हे बुधवारी सुरू करणार.
१० व्हर्जिनिया टेक, ११ फ्लोरिडा स्टेट, १२ नोटर डेम, १३ पिट (सगळे ८-१२), १४ सिराक्यूज (७-१३), १५ कॅल (६-१४). यांची पंगत मंगळवारी, सगळ्यात आधी आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर.

नवख्यांसाठी: आयपीएलमध्ये पहिल्या दोघांना हरायची एक संधी मिळते ना, तशी इथे नाही. इथे हरलात की घरी. वरच्या मानांकनाचा फायदा एवढाच, की कमी दिवस खेळावं लागतं.

जानेवारीत पाचही दिवसांची दोन तिकिटं काढून बसलोय. बायको तेव्हाच म्हणाली होती, "आधी संघ तर पोचू दे." आता विकावी की जावं?

आणि चर्चेचा मुद्दा: डबल बायचं एवढं कौतुक का? आम्ही गेल्या वर्षी १०वे होतो. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मानांकित ड्यूकला ७४-६९, चौथ्या दिवशी तिसऱ्या मानांकित व्हर्जिनियाला जादा वेळेत ७३-६५, पाचव्या दिवशी पहिल्या मानांकित कॅरोलायनाला ८४-७६. ते सगळे ताजेतवाने होते. मग?

---

डेटावाला · रविवार, सायं. ५.०२

मग काही नाही. लॉटरी लागलेल्या माणसाने आर्थिक नियोजनावर व्याख्यान देऊ नये (ह. घ्या.).

एसीसीत ही चौघांची डबल बाय २०१४ पासून आहे. २०२० ची स्पर्धा कोविडमुळे मध्येच बंद पडली, ती सोडली तर मागच्या वर्षापर्यंत दहा विजेते झाले. व्हर्जिनिया (१), नोटर डेम (३), कॅरोलायना (१), ड्यूक (५), व्हर्जिनिया (१), ड्यूक (३), जॉर्जिया टेक (४), व्हर्जिनिया टेक (७), ड्यूक (४), आणि तुमचं स्टेट (१०). कंसात मानांकन. दहापैकी सात डबल बायवाले. चार संघ सात करंडक नेतात आणि उरलेल्या अकरा जणांच्या वाट्याला तीन.

साधा गुणाकार बघ. समज एखादा संघ इतका चांगला आहे की प्रत्येक सामना जिंकायची शक्यता ७० टक्के. तीन सामने सलग जिंकायची शक्यता ३४ टक्के. पाच सामने सलग, १७ टक्के. तोच संघ, तेच खेळाडू, निम्मी शक्यता मंगळवारी सकाळीच गेली. पायांचा थकवा मी यात धरलेलाच नाही.

अवांतर: त्या सातातही एक गंमत आहे. २०२१ ला जॉर्जिया टेकने दोनच सामने खेळून करंडक नेला. उपांत्य सामन्याच्या दिवशी व्हर्जिनियाच्या चमूत कोविड निघाला, यांना पुढे चाल.

---

गणिताच्या_बाई · रविवार, सायं. ५.४०

डेटावाला, गुणाकार बरोबर आहे, पण सातवरून काढलेला निष्कर्ष उत्तरपत्रिकेत असता तर मी अर्धेच गुण दिले असते. पहिल्या बाकावर बसणारी मुलं पहिली येतात, म्हणून बाकात काही गुण आहे असं ठरत नाही. पहिले चार मुळात चांगले असतात म्हणून पहिले चार असतात. बाय काढून घेतली असती तरी त्यांनी दहातले पाच-सहा नेलेच असते.

बायची खरी किंमत बघायची तर चौथा आणि पाचवा बघावेत. दोघांच्या ताकदीत फरक जवळजवळ नसतो, एकाला सुट्टी मिळते आणि दुसऱ्याला नाही. तुमच्याच यादीत चौथे दोनदा जिंकलेत आणि पाचवे एकदा. यावरून कोणी काही सिद्ध करू नये.

---

डेटावाला · रविवार, सायं. ५.४८

दंडवत बाई. अर्धे गुण मान्य.

---

केरीकर · रविवार, सायं. ६.३०

बाईंनी चौथा-पाचवा म्हटलं आणि मीठच चोळलं. मी कॅरोलायनावाला. (घर केरीत, ऑफिस रिसर्च ट्रँगल पार्कात, शेजारी ड्यूकचा, मेहुणा स्टेटचा. दिवाळी फराळाला सुद्धा तीन टेबलं लागतात.)

आमचे, वेकचे आणि एसएमयूचे १३-७. वेक चौथं, आम्ही पाचवे. २१ जानेवारीला विन्स्टन-सेलममध्ये वेकने आम्हाला ६७-६६ असं हरवलं. एक गुण. तो सामना आम्ही काढला असता तर आमचे १४-६, त्यांचे १२-८, टायब्रेकरचा प्रश्नच नाही, गुरुवारपर्यंत पाय वर करून बसलो असतो. त्याच्या तीन दिवस आधी स्टॅनफर्डने चॅपल हिलमध्ये येऊन शेवटच्या सेकंदाला ७२-७१. तोही एकच गुण. दोन गुणांपायी बुधवार गळ्यात पडला.

बरं, पाचवं असण्यातली खरी गोम वेगळीच. ४ आणि ५ हे दोघे ड्यूकच्या अर्ध्यात. बुधवारी नोटर डेम किंवा पिट, गुरुवारी वेक, आणि वाचलो तर शुक्रवारी ड्यूक. यंदा १ फेब्रुवारीला त्यांनी आम्हाला ८७-७० हाणलं, काल आमच्या घरी ८२-६९. एसएमयू सहावं म्हणून दुसऱ्या अर्ध्यात गेलं. त्यांना ड्यूक भेटलंच तर शनिवारी. मी तर म्हणतो यंदा पाचव्यापेक्षा सहावं बरं.

---

विदर्भवीर · रविवार, रात्री ७.१५

काय राजेहो, आमच्या लुईव्हिलबद्दल कोणी बोलतच नाही!

नागपूरचा आहे, सहा वर्षं झाली लुईव्हिलात. एक रविवार आधी जामठ्याला रणजी फायनल अनिर्णित राहिली, आमचे पहिल्या डावात ३७९, केरळचे ३४२, आघाडीवर करंडक विदर्भाचा. त्यामुळे टायब्रेकर कशाला म्हणतात ते आम्हाले सांगू नका.

क्लेमसन आणि आम्ही दोघेही १८-२. ७ जानेवारीला आमच्याकडे ७४-६४ झालं होतं, म्हणून आम्ही दुसरे आणि ते तिसरे. पण खरं सांगू? २ आणि ३ मध्ये फरक काहीच नाही. दोघांना डबल बाय, दोघे एकाच अर्ध्यात, शुक्रवारी समोरासमोर. फरक असेल तर गुरुवारच्या गिऱ्हाइकात.

मागच्या वर्षी ८-२४ होतो भाऊ. त्याच्या आधी ४-२८. दोन वर्षांत मिळून बारा विजय. अर्धं स्टेडियम रिकामं, तिकिटं लोक ऑफिसात फुकट वाटत होते. प्रशिक्षक पॅट केल्सी आला, पहिल्याच वर्षी सगळा संघ नवीन आणला, आणि आता २५-६. हेपबर्न पोरगा तर असा बचाव करतो की समोरच्याच्या खिशातून पाकीट काढून घेईल आणि त्याला घरी गेल्यावर कळेल.

---

मीनल_सनीवेल · रविवार, रात्री ८.०५ (तुमची वेळ)

एक भाबडा प्रश्न. पॅसिफिक महासागर आमच्या घरापासून तासाभराच्या आत आहे. माझी लेक बर्कलीला शिकते. मग कॅल 'अटलांटिक' किनाऱ्याच्या स्पर्धेत काय करतंय?

---

लांडगा_०७ · रविवार, रात्री ८.२०

ताई, तो प्रश्न भाबडा नाही, अख्ख्या देशाला पडलाय. पॅक-१२ फुटली, त्यात दोनच संघ उरले. कॅल आणि स्टॅनफर्ड यांना आसरा हवा होता, एसीसीला टीव्हीचे पैसे हवे होते, डॅलसहून एसएमयूही आलं. २०२४ च्या उन्हाळ्यापासून १८. आणि १८ झाले म्हणून तर ही १५ ची चाळणी आली. तोवर होते तेवढे सगळे खेळायचे. म्हणजे एका अर्थाने तुमच्या लेकीच्या कॉलेजाने आमची जागा घेतली.

---

मीनल_सनीवेल · रविवार, रात्री ८.२६

अय्या. सॉरी हं.

---

लांडगा_०७ · रविवार, रात्री ९.१०

आणि आता बातमी आली, की आमचे प्रशिक्षक केव्हिन कीट्स यांना काढलं. वर्षभरापूर्वी याच माणसाने १९८७ नंतरचं, म्हणजे ३७ वर्षांनंतरचं पहिलं एसीसी जेतेपद आणलं होतं. त्याआधीचं विसरू नका: साखळीतले शेवटचे चार सामने ओळीने हरून १७-१४ वर वॉशिंग्टनला गेलेला संघ होता तो. तेव्हाच जाणार अशी कुजबुज होती. पाच दिवसांनी नोकरी वाचवली, वीस सामन्यांनी घालवली.

मला वाईट वाटलं. चुकीचं झालं असंही म्हणवत नाही. दोन्ही.

---

गोधडी · सोमवार, १० मार्च, सकाळी ८.४५

पूर्ण वाचला धागा, रात्री दोनपर्यंत जागून. बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण भांडण छान रंगलंय. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

एक विचारते. हरलेल्या तिघांना खेळवलं तर बिघडतं काय? अजून एक दिवस वाढवा.

---

डेटावाला · सोमवार, सकाळी ९.३०

बिघडत काही नाही. पण मग वीस साखळी सामन्यांना अर्थ काय उरला? डिसेंबर ते मार्च कसेही खेळा, शेवटी सगळ्यांना पंगतीत बसवणारच. मला १५ ची चाळणी पटते. फेब्रुवारीअखेर तळाच्या सामन्यांनाही धार आली. नाहीतर १५वा आणि १६वा यांची काळजी एरवी कोण करतो?

---

लांडगा_०७ · सोमवार, सकाळी १०.१५

असहमत, आणि मी रडतोय म्हणून नव्हे (रडतोयही).

या स्पर्धेचा सगळा इतिहास काय आहे? १९५४ ला पहिली झाली, स्टेटने जिंकली. पुढची वीस वर्षं नियम असा की राष्ट्रीय स्पर्धेत कॉन्फरन्सचा एकच संघ, आणि तो इथला विजेता. साखळीत तुम्ही कितीही चमका, तीन दिवसांत घसरलात तर संपलं. १९७४ ला ग्रीन्सबरोत स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत १०३-१०० हरवलं. देशातल्या पहिल्या पाचांत गणला जाणारा मेरीलँडचा संघ त्या एका सामन्यापायी राष्ट्रीय स्पर्धेला मुकला. पुढच्याच वर्षी स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून जास्त संघ घ्यायला सुरुवात झाली. १९८३ ला आमचे प्रशिक्षक वाल्व्हानो यांच्या संघाने आधी मायकल जॉर्डनचं कॅरोलायना, मग राल्फ सॅम्पसनचं व्हर्जिनिया गारद करून इथे करंडक घेतला, आणि तिथून थेट ह्यूस्टनच्या संघाला ५४-५२ ने हरवून राष्ट्रीय विजेतेपद.

म्हणजे हा मार्च शेवटच्या बाकावरच्यांसाठीच आहे. हुशार मुलांची सोय साखळीने केलेलीच असते. १०व्याला दार उघडं आणि १६व्याला बंद, ही रेघ कोणी आणि कशावरून मारली?

---

गणिताच्या_बाई · सोमवार, सकाळी १०.५०

रेघ कुठेतरी मारावीच लागते. ३५ ला पास, ३४ ला नापास. ३४ वाल्याचे आईवडील दरवर्षी तुमच्यासारखंच बोलतात.

---

केरीकर · सोमवार, दुपारी १.००

हाहा. लांडग्या, इनो घे.

मला राष्ट्रीय स्पर्धेचं कोणी सांगेल का? रविवारी १६ तारखेला यादी. आमची धाकधूक तिथे आहे.

---

डेटावाला · सोमवार, दुपारी २.२०

सांगतो. ६८ संघ. ३१ कॉन्फरन्सचे विजेते थेट, उरलेले ३७ निवड समिती ठरवते. समिती प्रत्येक विजय-पराजय चार खणांत टाकते. पहिला खण सगळ्यात भारी: घरच्या मैदानावर नेट (समिती वापरते ती देशभरच्या संघांची क्रमवारी) मधल्या पहिल्या ३० पैकी कोणी, तटस्थ ठिकाणी पहिले ५०, परक्या मैदानावर पहिले ७५. म्हणजे परगावी जिंकलेल्याला जास्त मोल.

एसीसीचा घोळ असा, की यंदा वरचे तीन सोडले तर कॉन्फरन्स पोकळ आहे. १८-२ ऐकायला दणदणीत, पण त्यातले किती विजय पहिल्या खणातले? लुईव्हिलची खरी परीक्षा कॉन्फरन्सबाहेरच्या सामन्यांत झाली, तिथे टेनेसीने घरी येऊन ७७-५५ धुतलं, केंटकीने ९३-८५. बहामात इंडियानाला ८९-६१ झोडपलं, ते जमेला. क्लेमसनकडे मात्र एक हुकमी पत्ता आहे: ८ फेब्रुवारीला ड्यूकला ७७-७१. ड्यूकचा कॉन्फरन्समधला एकमेव पराभव.

माझा मानांकनांचा अंदाज: ड्यूक (२८-३) कुठल्यातरी विभागात १. क्लेमसन ५. लुईव्हिल ५ किंवा ६. वेक आणि एसएमयू यांनी शार्लटमध्ये मोठी शिकार केली तरच.

आणि कॅरोलायना (२०-१२): पहिल्या खणात विजय एकच, डिसेंबरात न्यूयॉर्कला यूसीएलएवरचा ७६-७४. बाकी सगळे पराभव. अशा संघाला घेतलं तर मी केरीकरांना मॉरिसव्हिलमध्ये मिसळ खिलवीन. जादा पावासकट.

---

केरीकर · सोमवार, दुपारी २.३१

लिहून ठेवलं. स्क्रीनशॉट काढला. निवड समितीचे यंदाचे अध्यक्ष बबा कनिंगहॅम, कॅरोलायनाचेच क्रीडा संचालक, हे विसरलास वाटतं :)

---

डेटावाला · सोमवार, दुपारी २.४०

स्वतःच्या संघाची चर्चा निघाली की त्यांना खोलीबाहेर बसावं लागतं. नियमच आहे. पण आलात आत, तर देश काय बोलेल ते आत्ताच ऐकू येतंय.

---

विदर्भवीर · सोमवार, दुपारी ४.०५

५ किंवा ६?? १८-२ केले भाऊ! अंतिम फेरीत गेलो तर ४ मागणार.

आणि एका संघाबद्दल सगळे गप्प: जॉर्जिया टेक. आठवे, १०-१०, दिसायला साधे. पण १ फेब्रुवारीला त्यांनीच आम्हाले ७७-७० हरवलं. आमचा कॉन्फरन्समधला दुसरा पराभव, पहिला ड्यूककडून. आणि ४ फेब्रुवारीला क्लेमसनला त्यांच्याच घरी, तीन-तीन जादा डाव खेळून ८९-८६. म्हणजे दुसऱ्याला आणि तिसऱ्याला चार दिवसांत गारद करणारा संघ आठवा बसलाय, आणि तो व्हर्जिनियाला पुरला तर गुरुवारी ड्यूकच्या समोर. मी ड्यूकचा असतो तर झोपलो नसतो.

---

मीनल_सनीवेल · सोमवार, सायं. ५.१५

लेकीला विचारलं. म्हणाली, "आई, आपण पंधरावे आहोत, उद्या सकाळी हरणार, तू मीटिंग लाव." तरी मी सकाळची एक मीटिंग हलवली आहे.

---

संपादक मंडळ · सोमवार, सायं. ६.००

धाग्यात क्रिकेट आणि रणजीचे १४ अवांतर प्रतिसाद आले होते, ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. विदर्भवीर, आपले त्यातले नऊ होते.

---

लांडगा_०७ · सोमवार, रात्री ९.४०

ठरलं. तिकिटं विकायला टाकली होती, पण मंगळवारचे भाव बघून पेट्रोलसुद्धा सुटणार नाही असं दिसतंय. रॅलेहून शार्लट पावणेतीन तास. उद्या सुट्टी टाकली, एकटाच जातोय. लाल टी-शर्ट घालणार. असू दे.

---

लांडगा_०७ · मंगळवार, ११ मार्च, रात्री ११.२०

हॉटेलातून लिहितोय.

पहिला सामना नोटर डेमने पिटवर ५५-५४ काढला. एक गुण, केरीकर. आता बुधवारी ते तुमच्याकडे.

मग कॅल आणि व्हर्जिनिया टेक. खालच्या मजल्यावरच्या खुर्च्यासुद्धा निम्म्या रिकाम्या. माझ्या रांगेत कॅलचे एक आजोबा, ओकलंडहून आलेले, निळी टोपी. माझा लाल शर्ट बघून म्हणाले, तुमचा संघ कधी? म्हटलं, आमचा नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी खारे दाणे पुढे केले. सामना जादा वेळेत गेला. मग पुन्हा जादा वेळेत. कॅल ८२, व्हर्जिनिया टेक ७३. पंधराव्याने दहाव्याला घरी पाठवलं, आणि मी ज्यांनी आमची जागा घेतली त्यांच्यासाठी उभा राहून ओरडत होतो.

शेवटी सिराक्यूजने फ्लोरिडा स्टेटला ६६-६२. तीनपैकी दोन सामने खालच्याने जिंकले. मीनलताई, उद्याचीही मीटिंग हलवा, स्टॅनफर्डशी आहे.

---

मीनल_सनीवेल · मंगळवार, रात्री ११.३१

हलवली!! लेक ऑफिसच्या फोनवर किंचाळली!

---

गोधडी · रविवार, १६ मार्च, रात्री ८.१५

धागा वर काढतेय. आठवडाभर आजारी होते. झालं काय शेवटी? कोणीतरी मिसळ खाणार होतं.

---

डेटावाला · रविवार, १६ मार्च, रात्री ८.५०

मीच खिलवणार.

थोडक्यात. कॅल बुधवारी स्टॅनफर्डकडून ७८-७३. कॅरोलायनाने नोटर डेमला ७६-५६, मग वेकला ६८-५९, म्हणजे चौथ्याची बाय पाचव्याला आडवी आलीच नाही. बाईंना नमस्कार. विदर्भवीर म्हणाला तसंच, जॉर्जिया टेकने ड्यूकला घाम फोडला: त्यांचा हुकमी खेळाडू कूपर फ्लॅग याचा घोटा पहिल्या अर्ध्यातच मुरगळला, ड्यूक १४ गुणांनी मागे, तरी ७८-७० जिंकलं. लुईव्हिल स्टॅनफर्डच्या तावडीतून हेपबर्नच्या शेवटच्या फेकीवर ७५-७३ सुटलं. शुक्रवारी त्यांनी क्लेमसनला ७६-७३. म्हणजे १९५३ पासून कॉन्फरन्समध्ये असलेल्या क्लेमसनचं करंडकाचं खातं अजून कोरंच. ड्यूकने फ्लॅगशिवाय कॅरोलायनाला ७४-७१, आणि काल अंतिम सामना ७३-६२.

आता यादी. ड्यूक १, बरोबर. क्लेमसन ५, बरोबर. कॅरोलायना आत. डेटन शहरात, 'फर्स्ट फोर' नावाच्या पात्रता फेरीत, ११ वं मानांकन. पहिल्या खणात १-१२ असा हिशोब घेऊन. मी थक्क आहे, आणि देश मी म्हणालो तेच बोलतोय.

---

केरीकर · रविवार, रात्री ८.५८

स्क्रीनशॉट चिकटवू का?

(शुक्रवारचं दुःख वेगळं. बरोबरी करणारा फ्री थ्रो जाळीत पडला होता. पडला होता! आमच्याच खेळाडूने पाय आधी टाकला, लेन व्हायोलेशन, गुण रद्द.)

---

विदर्भवीर · रविवार, रात्री ९.२०

आठ. आठवं मानांकन दिलं आम्हाले. अठरा-दोन, अंतिम फेरी, सत्तावीस विजय, आणि आठ. क्रेटनशी सामना, तोही लेक्सिंग्टनात, केंटकीच्या अंगणात. मी आज जेवलो नाही.

---

गणिताच्या_बाई · रविवार, रात्री ९.३०

जेवा. आठवा आणि नववा यांचा सामना म्हणजे नाणेफेक. उपाशीपोटी नाणं बघवत नाही.

---

डेटावाला · रविवार, रात्री ९.४५

केरीकर, मिसळ शुक्रवारी संध्याकाळी? लांडगा, तूही ये.

---

लांडगा_०७ · रविवार, रात्री १०.०५

शुक्रवार सोडून कधीही. ड्यूकचे पहिल्या आठवड्यातले सामने शार्लटला नाहीत, ग्रीन्सबरोला नाहीत, रॅलेत दिलेत. लेनोवो सेंटरला, आमच्या घरच्या मैदानावर. दुपारपासून वेड अव्हेन्यू तुंबणार.